गाडीसोबत येणारी बाई

या सदरातले अनुभव मी घरी मोठ्याने वाचून दाखवतो, आणि वाचून झाला की लगेच त्याचं कारणही सांगतो. वायर ढिली असेल, माळ्यावर उंदीर असेल, माणसाला ताप असेल... बायको शेवटी वैतागून म्हणाली, "मग तुमचंच लिहा नं एकदा. हॉस्पिटलचं. त्याचं कारण सांगा लोकांले." कारण मला सांगता येणार नाही. पण जे झालं ते सांगतो.

भूतखेत, करणी, अंगात येणं — आमच्या घरात याला कधीच थारा नव्हता. वडील उमरेडला हातमागावर लुगडी विणायचे. धागा तुटला की तो कुठं तुटला ते शोधायचं, गाठ मारायची आणि पुढं जायचं, एवढंच त्यांना ठाऊक. मीही तसाच. नागपूरला इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला आणि हिंगण्याच्या एमआयडीसीत एका छोट्या वर्कशॉपला लागलो. ऐंशीचं दशक निम्मं सरलं होतं. आमचे मालक देवस्थळे साहेब कारखान्यांसाठी बॅटरीवर चालणाऱ्या हातगाड्या बनवायचे. ऑर्डरी मंदावल्या होत्या. तेव्हा त्यांच्या डोक्यात आलं — माणसाशिवाय, आपली आपण चालणारी गाडी हॉस्पिटलसाठी का करू नये?

ती गाडी मी बनवली, म्हणून ती कशी होती ते आधी सांगतो. कमरेएवढी उंच स्टीलची ट्रॉली, तीन कप्पे, खाली ट्रकची बॅटरी. फरशीवर पांढरी पट्टी रंगवायची. गाडीच्या पोटाखाली एक छोटा बल्ब आणि दोन फोटोसेल. पट्टीवरून उजेड परत आला की गाडी सरळ चालायची, पट्टी एका बाजूला सरकली की चाक तिकडे वळायचं. पट्टी हरवली तर जागच्या जागी उभी. जिथं थांबायचं तिथं पट्टीशेजारी एक लोहचुंबक बसवलेलं. समोर कुणी आलं तर रबरी पट्टी दाबली जाऊन मोटर बंद. बस, एवढंच. तिला ना कान होते, ना आठवण. पेपरवाले तिला 'यंत्रमानव' म्हणाले तेव्हा मलाच हसू आलं होतं.

हॉस्पिटलचं नाव देत नाही. ट्रस्टचं होतं, बैठं आणि लांबलचक. एका टोकाला स्वयंपाकघर आणि चादरींची खोली — तिला सगळे लिनन रूम म्हणायचे. मग लांब व्हरांडा, मग पुरुषांचा वॉर्ड, आणि शेवटी बायकांचा. इमारत नवी होती. त्याआधी तिथं संत्र्याची बाग होती, दुसरं काही नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढं लोकांनी जुन्या हॉस्पिटलच्या वगैरे कहाण्या जोडायचा प्रयत्न केला.

ट्रस्टचे सेक्रेटरी — सगळे त्यांना काकासाहेब म्हणायचे — गाडी बघायला वर्कशॉपवर आले तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "ही रजा मागत नाही ना?" दुसरा प्रश्न, "हिच्यावर आमचं नाव मोठ्या अक्षरात लिहिता येईल का?" देवस्थळे साहेब दोन्हींना हो म्हणाले.

मेट्रन मेश्राम सिस्टरांचं वेगळंच. उंच, सावळ्या, करारी बाई. छप्पन साली दीक्षाभूमीवर आईचं बोट धरून धम्म घेतला, असं अभिमानानं सांगायच्या. गाडीकडे त्यांनी बघितलंही नाही. मला म्हणाल्या, "चाल माझ्यासंग." आणि एका नर्सच्या मागे मागे मला सकाळभर फिरवलं. पाण्याचा जग आणायला व्हरांडा पार. चादर आणायला व्हरांडा पार. उकळलेल्या सुया आणायला पुन्हा व्हरांडा पार...

"पाह्यलं?" सिस्टर म्हणाल्या. "पेशंट हाका मारते तेव्हा माझी पोट्टी व्हरांड्यात असते. मले हुशार मशीन नाही पाहिजे गा प्रभाकर. मले फक्त पाय पाहिजेत. चालाचं काम तुझी गाडी करन, माझ्या पोट्ट्या पेशंटपाशी बसतीन. तेवढं देशीन का?"

"तेवढं नक्की देतो," मी म्हणालो. आणि ते मी दिलं. पुढचं मी दिलेलं नाही.

ट्रायल भर मे महिन्यात लागली. नागपूरचा मे ज्याने काढला त्याला दुपारचं हॉस्पिटल कसं असतं ते सांगायला नको. दारा-खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या, त्यांच्यावर पाणी मारलेलं. वॉर्डात उजेड यायचा तो हिरवट, तळ्याच्या तळाशी यावा तसा. कूलरची घरघर, पाण्याची टिपटिप. बोलणारे हळूच बोलायचे, मग तेही झोपायचे. आणि त्या शांततेतून माझी गाडी भुंग्यासारखा बारीक आवाज करत यायची. पाणी, चादरी, औषधं घेऊन. थांबायची, पुढं जायची, वळायची. मी भिंतीशी स्टुलावर बसून बघत असायचो. खरं सांगतो, मला ती फार आवडायची.

बायकांच्या वॉर्डात काटोलच्या यमुनाबाई म्हणून एक आजी होत्या. खुब्याचं हाड मोडलेलं, महिनाभर उताण्या. एका दुपारी मी गाडीची पट्टी तपासत होतो तर त्यांनी बोलावलं.

"काहो भाऊ, गाडी तुमचीच नं?"

"हो आजी. त्रास होतो का आवाजाचा?"

"आवाजाचा नाही बाप्पा. गाडीसंग जे बाई येते नं, तिले सांगा, थोडा वेळ थांबत जाय म्हणा. कपाळावर हात ठेवते अन् लगेच चालली जाते."

"कोणती बाई, आजी? गाडी एकटीच येते."

यमुनाबाईंनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की जणू मी काही लपवतोय. "एकटी कशी येईन? कोणी तरी हाकलतच असन नं."

मी हसलो. औषधाची गुंगी असेल म्हटलं. पण दोन-तीन दिवसांनी पुरुषांच्या वॉर्डातले एक रिटायर्ड मास्तर — टायफॉइड झालेले, पण डोक्याने एकदम तल्लख — मला म्हणाले, "तुम्ही गाडीला चांगली बाई दिली आहे. बोलत नाही, पण हात किती थंड! उन्हाळ्यात असा हात नशिबाने मिळतो."

मास्तर यमुनाबाईंना ओळखत नव्हते. दोघांच्या वॉर्डांमध्ये भिंत होती आणि दोघेही खाटेवरून उठू शकत नव्हते.

मी सिस्टरांना विचारलं, कुणा नर्सला गाडीसोबत फिरायला सांगितलंय का? त्या म्हणाल्या, "मग गाडी कशाले घेतली?" नर्सेसना विचारलं. त्यांनीही पेशंटकडून हे ऐकलं होतं, एकीनं तर बऱ्याचदा. पण उभ्या असलेल्या, हिंडत्या-फिरत्या कुणालाही ती बाई दिसली नव्हती. दिसायची ती फक्त आडवं पडलेल्यांना.

ते ऐकून माझ्या डोक्यात आलं, की चला, आपणही आडवं होऊन बघू.

हसू नका. मी शास्त्रीय प्रयोग म्हणूनच केलं. पुरुषांच्या वॉर्डात कोपऱ्यातली खाट रिकामी होती. दुपारची जेवणं झाल्यावर सिस्टरांना सांगून मी तिथं पडलो. पंखा हळूहळू फिरत होता. वाळ्याचा ओला वास. पलीकडे मास्तर घोरत होते. मी डोळे उघडे ठेवायचे ठरवलं होतं... आणि ठेवले होते, असं मला अजूनही वाटतं.

गाडीचा आवाज आला. ती दारातून आत शिरली. आणि तिच्या बाजूला, किंचित मागे, लुगड्याचा काठ दिसला. धुवून धुवून रंग गेलेलं हिरवं लुगडं, काठ ओला झालेला, जशी कुणी नुकतीच पाण्यातून चालत आली असावी. अनवाणी पावलं. चेहरा मला दिसला नाही, कारण मी मान वर केलीच नाही. करावीशी वाटली नाही. संध्याकाळी रानातून येताना बाई गायीच्या पाठीवर हात ठेवून चालते ना, तशी ती गाडीच्या पाठीवर हात ठेवून चालत होती. गाडीला घाई नव्हती, तिलाही नव्हती. भीती अजिबात वाटली नाही. उलट लहानपणी आजारी पडल्यावर शाळा बुडायची आणि भर दुपारी आपण एकटेच घरी असायचो, तसं वाटलं. सगळं जग कामाला गेलंय आणि आपल्याला कुणी काही म्हणणार नाही.

मग कपाळावर हात. थंड, ओलसर, थोडा खरबरीत.

जाग आली तेव्हा चहाची किटली फिरत होती. माझ्या अंगावर चादर होती, छातीपर्यंत नीट ओढलेली. मी घेतली नव्हती. वॉर्डबॉयला विचारलं, तो म्हणाला, "मी नाही बा, मी आत्ताच आलो." मी स्वतःला सांगितलं, प्रभाकर, तू झोपलास, यमुनाबाईंचं ऐकून ऐकून तुला स्वप्न पडलं. चादर झोपेत ओढली. पटलं मला ते. म्हणजे, पटवून घेतलं.

यानंतर चार-सहा दिवसांनी कुहीच्या सुनंदाचं प्रकरण घडलं.

सुनंदा कुहीकडच्या एका धानाच्या गावातली, वीस-बावीस वर्षांची, पहिलटकरीण. बाळंत होऊन काही दिवस झाले होते. थोडा ताप होता म्हणून तिला आणि बाळाला बायकांच्या वॉर्डाच्या बाजूच्या छोट्या खोलीत वेगळं ठेवलं होतं. त्या खोलीकडे पट्टी नव्हती. वॉर्डाच्या दाराआधी उजवीकडे वळायचं, मग ती खोली. माझी पट्टी सरळ वॉर्डात जायची.

भर दुपार. मी व्हरांड्यात होतो. समोरून गाडी गेली. वॉर्डाच्या दाराशी पोहोचली... आणि उजवीकडे वळली.

मला वाटलं, फोटोसेल गेला. आता थांबेल. पट्टी हरवली की ती थांबायलाच हवी, तशी मीच ती जोडली होती. पण ती थांबली नाही. साध्या काळ्या फरशीवरून, जणू रोजचाच रस्ता आहे अशी, हळू हळू गेली आणि सुनंदाच्या खोलीचा अर्धवट लोटलेला दरवाजा ढकलून आत शिरली. दरवाज्याला टेकल्याबरोबर रबरी पट्टी दाबली जाऊन मोटर बंद पडायला हवी होती. तीही पडली नाही.

मी धावलो. आत गाडी खाटेला लागून उभी. बाळ शांत झोपलेलं. आणि सुनंदा छताकडे बघत पडलेली, ओठ पांढरे फटक. खाटेखाली फरशीवर रक्त साचत होतं. तिच्या तोंडून आवाजसुद्धा निघत नव्हता. तिची आई डबा घ्यायला बाहेर गेली होती.

मी ओरडायला तोंड उघडलं, तोच माझ्यामागून मेश्राम सिस्टर मला बाजूला लोटून आत आल्या. एक हात सुनंदाच्या पोटावर दाबला आणि मला म्हणाल्या, "उभा काहून आहे गा? डॉक्टरले बोलव! पळ!" गाडीच्या कप्प्यातल्या चादरी त्यांनी तशाच ओढून घेतल्या.

पुढं डॉक्टर आले, तिला आत नेलं. तिच्या भावाचं रक्त जुळलं, ते दिलं. संध्याकाळपर्यंत काही खरं नव्हतं. दुसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, आणखी थोडा उशीर झाला असता तर काही करता आलं नसतं. शुद्धीवर आल्यावर सुनंदानं आईला विचारलं, "ते बाई कुठं गेली वं माय? पान्यातून आल्यावानी होती. मले म्हने, झोपू नको."

मी त्या जागी किती दिवस डोकं लावलं ते विचारू नका. फरशीवर पाणी सांडून पाहिलं, चमक येते का म्हणून. आरशाने ऊन पाडून पाहिलं. ढिले जोड शोधले. रबरी पट्टी हातानं दाबून पाहिली, दर वेळी मोटर बंद पडायची. गाडी मुद्दाम पट्टीवरून उजवीकडे ढकलली तर दर वेळी वीतभर जाऊन थांबायची. एकदाही, एकदाही ती त्या खोलीपर्यंत गेली नाही.

पण बातमी काकासाहेबांपर्यंत पोहोचली होती. ते स्वतः वर्कशॉपवर आले. डोळे चमकत होते. "देवस्थळे, हे तुम्ही आधी का नाही सांगितलं? पाणी-चादरी काय, पाच माणसं वाहतात. पण पेशंट सिरीयस झालाय हे ओळखणारं मशीन! त्याला आम्ही वाट्टेल ते देऊ. आमच्या तिन्ही हॉस्पिटलांत लावू. ट्रस्टींसमोर तेवढं एकदा दाखवा."

ते गेल्यावर देवस्थळे साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. वाईट माणूस नव्हता. पण वर्कशॉप बंद करायची वेळ आली होती आणि माझं तर नुकतंच लग्न झालेलं. "प्रभाकर," ते म्हणाले, "तुला खोटं बोलायला सांगत नाहीये मी. तू फक्त गप्प बस. ते जे समजतायत ते समजू दे."

ट्रस्टींसमोर गाडी चालली. स्वयंपाकघरापासून बायकांच्या वॉर्डापर्यंत, पट्टीवरून, एक बोटभरही न चुकता. थांबली, वळली, परत आली. मग काकासाहेब म्हणाले, "आता ते दाखवा. पेशंट ओळखण्याचं."

देवस्थळे साहेब छताकडे बघत होते. आणि मला त्या दुपारचा सुनंदाचा पांढरा चेहरा आठवला. उद्या तिन्ही हॉस्पिटलांत नर्सेस गाडीच्या भरवशावर बसतील, आणि गाडी आपली पट्टीवरून सरळ निघून जाईल.

"तसं तिच्यात काहीच नाही, काकासाहेब," मी म्हणालो. "मी बनवलीय, मला माहीत आहे. ती फक्त पट्टी ओळखते."

"मग ती मुलगी वाचली कशी?"

  तेव्हा मेश्राम सिस्टर उठल्या. ट्रस्टींसमोर त्या नेहमी शुद्ध मराठी बोलायच्या. "मुलगी वाचली कारण मी वॉर्डात होते. पूर्वी त्या वेळेला मी किंवा माझी नर्स व्हरांड्यात असायची, पाणी आणायला. आता ते गाडी आणते. मला हे यंत्र पाणी आणण्यासाठीच हवं आहे. पेशंट ओळखायला आम्ही आहोत. घ्यायचं असेल तर यासाठी घ्या."

बराच वेळ चर्चा झाली. काकासाहेब नाराज होते, पण बाकीच्या ट्रस्टींना सिस्टरांचं म्हणणं पटलं. तिन्ही हॉस्पिटलांसाठी नाही, पण ती गाडी घेतली, आणि याच हॉस्पिटलसाठी आणखी दोन सांगितल्या. वर्कशॉप तरलं.

मीटिंग सुटल्यावर मी सिस्टरांना व्हरांड्यात गाठलं. "सिस्टर, तुमचे उपकार झाले. आणि त्या दिवशी तुम्ही वॉर्डात होतात हे किती बरं झालं."

त्या थांबल्या. इकडेतिकडे पाहिलं.

"मी कुठं वॉर्डात होती गा?" हळू आवाजात म्हणाल्या. "मी लिनन रूममध्ये होती. त्या टोकाले. धोब्याच्या चादरी लावून राहिली होती."

"मग तुम्हाला कळलं कसं?"

"मागून कोणी तरी आवाज दिला. 'बेबे, चाल वं लवकर.' माझी माय गेल्यापासून मले बेबी म्हणणारं कोणी राह्यलं नाही. इथं तं कोणाले ते नावही माहीत नाही."

मी हळूच विचारलं, "आईचा आवाज होता?"

"मायचा असता तं मी ओळखला नसता का? नाही. असा आवाज मी कधीच नाही ऐकला. मी मागं वळूनही नाही पाह्यलं. पळत सुटली. कुठं जायचं ते विचारलंही नाही, अन् पाय बरोबर सुनंदाच्याच खोलीत गेले."

"आणि आत्ता ट्रस्टींना तुम्ही..."

"त्याइले काय सांगू? बाई आली होती म्हणून?" सिस्टर किंचित हसल्या, पण डोळे भरले होते. "उद्या म्हणतीन, मग नर्सा कशाले पाहिजेत, तिलेच ठेवा. तिले पगार द्यावा लागत नाही."

आणि आत वॉर्डात कुणी तरी हाक मारली म्हणून त्या निघून गेल्या. या विषयावर आम्ही पुन्हा कधी बोललो नाही. आता त्या नाहीत.

पुढच्या काही वर्षांत मी अशा आणखी गाड्या बनवल्या. जिथं जिथं गाडी लावली तिथं पहिल्या काही दुपारी मी मुद्दाम वॉर्डात स्टूल टाकून बसायचो, कुणी काही बोलतं का ते ऐकत. पेशंट बोलायचे — पंखा हळू आहे, वरण पातळ आहे, डॉक्टर केव्हा येतात. बाईबद्दल कुणी एक शब्द काढला नाही. त्या पहिल्या गाडीपाशी मात्र ती येत राहिली. नवे पेशंट, ज्यांना आधीचं काहीच माहीत नव्हतं, ते नर्सना विचारत राहिले, की ही थंड हाताची बाई कोण? मग एका उन्हाळ्यात त्या गाडीची मोटर जळाली आणि ती मोडीत काढली. त्यानंतर तिथंही कुणी विचारलं नाही.

मोटर का जळाली ते मी तुम्हाला सांगू शकतो. कार्बन ब्रश झिजले होते. बाकीचं काही मला सांगता येत नाही.